शब्दावरचं घर

आण्णा, घर काही विकलं जात नाही. वर्ष उलटून गेलं. आता माझा फोन उचलताना एजंट आधी खोकतो आणि मग "बोला ताई" म्हणतो, त्या खोकण्यातच मला सगळं कळतं. तुम्ही फोटोतनं म्हणाल, विकायची दुर्बुद्धी सुचली कुणाला? आईला सुचली. तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि टेकाडावरच्या या घराच्या अठरा पायऱ्या तिला कायमच्या बंद झाल्या. तेव्हापासून ती चार वेळा घराबाहेर पडली आहे, चारही वेळा दवाखान्यासाठी, खुर्चीत बसवून चौघांनी उचलून. "चौघं जिवंतपणीच आले की गं उचलायला," म्हणते आणि हसते. मला तिचं ते हसणं ऐकवत नाही. तिला आता फक्त लिफ्टचा फ्लॅट हवाय, खाली जाऊन बायकांत बसता येईल असा. आयुष्यात पहिल्यांदा बाईनं काही मागितलंय.

एजंट माणूस वाईट नाही. कळंब्याच्या तळ्याजवळ चहाच्या गाड्याशेजारी खुर्ची टाकून बसतो, हातात दोन फोन. पहिल्या दिवशी घर बघून म्हणाला, "ताई, एक नंबर जागा हाय. वारा बघा की नुसता! फकस्त पार्टी आली की तुमी बोलायचं न्हाय, मी बोलणार." पण आईला पार्टी हा शब्दच कळेना. तिच्या लेखी घरात आलेला माणूस म्हणजे पावणं. कुणी उंबऱ्यात पाय ठेवला की कॉटवरनं ओरडायची, "पावण्यास्नी च्या टाक गं, पोहं कर!" एजंट कपाळाला हात लावायचा. "काकी, खायला घातलं की पार्टीला वाटतंय, ह्यास्नी गरज हाय." आई म्हणायची, "मग, हायच की गरज!"

येणारा प्रत्येक जण स्वयंपाकघरातला ओटा बुटका आहे म्हणून नाक मुरडायचा. माझं डोकं तापायचं आणि घर बांधतानाचा तो दिवस डोळ्यांसमोर यायचा. अर्धवट बांधलेल्या भिंतीपाशी तुम्ही आईला उभं केलंय, हातात तुमच्या फौंड्रीच्या पॅटर्न शॉपातली, लाकडी साचे करतानाची घडीची फूटपट्टी, तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेताय, गवंडी बघतायत आणि आई लाजून म्हणतेय, "अवो, पुरं की आता." मी दगडांच्या ढिगावर बसून हे बघतेय. यांना कुठनं सांगायचं हे? मग पेठ वडगावकडचं एक जोडपं आलं. ती बाई आईएवढीच उंचीला. ओट्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, माझ्या मापाचा हाय." तिनं दोनदा पोहे मागून घेतले. ती गेल्यावर आईनं मला विचारलं, "फ्लॅटला गॅलरी असती न्हवं?"

दुसऱ्या दिवशी एजंटानं कागद मागितले. मी तुमच्या ट्रंकेतला तो स्टँपपेपर काढून दिला, तुमच्या दोस्तानं, काकांनी, जागा दिली म्हणून लिहिलेल्या चार ओळी आणि खाली दोघांच्या सह्या. त्यानं वाचला, उलटा करून मागं काही आहे का बघितलं. "आणि खरेदीखत?" मी म्हटलं, एवढंच आहे. "ताई, ह्यो शब्द झाला. कागद न्हवं. सातबाऱ्याला आजून त्येंचंच नाव हाय." आण्णा, मी कॉलेजात असताना तुम्हाला हेच विचारलं होतं. तुम्ही ताट सरकवलंत. "एका तालमीच्या मातीत लोळलो आमी. दोस्ताकडनं सही मागू व्हय? तोंड कुठं दाखवू?" अर्ध्या मिलिमीटरसाठी अख्खा पॅटर्न मोडीत काढणारा माणूस, आणि घराखालची जमीन अशी तोंडी! मी पुन्हा कधी विचारलं नाही.

काका तर आता नाहीत; एजंटाला घेऊन मी त्यांच्या थोरल्या मुलाकडे गेले. त्यानं चांगलं बसवलं, ताक दिलं. मी विषय काढला तसा म्हणाला, "ताई, र्‍हावा की तुमी. कोण काढायलंय तुमास्नी? तुमची आई म्हंजे आमची चुलतीच हाय. पण विकायला सही न्हाय. शब्द आमच्या बापानं दिला आसंल, आमी न्हाय दिला." त्याला चार भावंडं, एक निपाणीला, एकाशी बोलणं नाही, आणि सही सगळ्यांचीच लागणार. बँकेनं वडगावच्या जोडप्याला कर्ज नाकारलं. त्या बाईनं फोन करून माझीच समजूत काढली. एजंट म्हणाला, कोर्टात जावा, पण काकींच्या हयातीत न्हाय व्हायचं ते. आईला मी थोडंथोडं करत सांगितलं. तिनं गॅलरीचं विचारायचं सोडून दिलं.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. तुमचे दिवस झाल्यावर आठवड्याभरात काका आले होते. त्या अठरा पायऱ्या चढून, धापा टाकत. खिशात आधार कार्ड, पासपोर्ट फोटो. आई देवळात गेली होती. म्हणाले, "पोरी, माझं काय खरं न्हाय. चल, आजच रजिस्टर ऑफिसला जाऊन तुझ्या आईच्या नावावर करून टाकू." आणि मी, तुमची लेक, काय म्हणाले? "काका, आण्णांनी कधी मागितलं न्हाय, आन् मी मागू व्हय? तुमचा शब्द हाय की." केवढी ऐट वाटली होती मला ते बोलताना! त्यांचे डोळे भरून आले. चहा घेतला आणि फोटो परत खिशात घालून गेले. दोन महिन्यांत गेलेच.

हे आईला वाचून दाखवायला हवं. नाही दाखवणार. काल तिचे केस विंचरत होते, तर तुमच्या फोटोकडे बघत म्हणाली, "ह्या माणसाच्या भोळेपणानं मला हितं कोंडून घातलं. व्हय का न्हाय गं?" मी म्हणाले, "व्हय."