मार्गिटबाईंची नऊ वर्षे

सावाई बेट, बुधवार

आदरणीय तुइलोमादादा,

धाकट्या येलेमियाचा वाकून नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? ब्रिस्बेनच्या थंडीत तो फार कुरकुरतो, असे वहिनींनी कळवले होते. इकडे प्रभुकृपेने सगळे ठीक. तारोचे (अळकुड्यांचे) पीक बरे आहे, डुकरे वाढताहेत, आणि आपला ऑनलाइन खेळ (वीस वर्षांपूर्वी आपण लिहून जगाला फुकट वाटलात आणि नंतर माझ्या पदरात घातलात तो) अजून चालू आहे. म्हणजे सोमवारपर्यंत होता.

झाले असे. आपला कोड फार प्रेमाने लिहिलेला आहे, पण प्रत्येक कामगिरी (मासेमार कोळ्याचे हरवलेले जाळे शोधा, दीपस्तंभात तेल घाला) वेगळ्या फाइलमध्ये, आणि कोणत्या खेळाडूने ती कुठवर नेली याच्या नोंदी डेटाबेसच्या सतरा तक्त्यांत. गळक्या घरात जागोजागी भांडी ठेवावीत तशा. सहा महिने खपून मी सगळे एका तक्त्यात आणले. तेव्हा आपल्या जुन्या नोंदींत बरेच आकडे उणे दिसले. मला वाटले, दादांची घाईतली चूक. मोठ्या भावाची चूक चारचौघांत काढू नये, म्हणून न विचारता गुपचूप सगळ्यांचे शून्य करायचे ठरवले.

सोमवारी संध्याकाळी हुकूम सोडला. यंत्राने "नक्की ना?" विचारले, तोच चर्चची घंटा वाजली (घंटा म्हणजे अजून तोच टांगलेला रिकामा गॅस सिलिंडर). प्रार्थनेच्या वेळी गावात कोणी हलत नाही, हे आपणास काय सांगावे! मी म्हटले, एवढे एक बटण दाबतो. बायको लुपे म्हणाली, "देवाला थांबवून यंत्राला हो म्हणणार? चर्चचे डीकन ना तुम्ही? बसा खाली!" बसलो. हुकूम अर्धवट, म्हणून तक्त्याला कुलूप लागलेले, त्यामुळे खेळातले जगही थबकले. (माझा एक डोळा उघडा होता; पाद्रीबाबांना कळवू नये.) उगारलेली तलवार तशीच, फेकलेले जाळे हवेत, एक पक्षी लाटेवर टेकता टेकता राहिलेला. देशोदेशींचे चारशे बारा खेळाडू बंदरावर निश्चल. भोंग्यावरून ऐकू येणारी पाद्रीबाबांची प्रार्थना लांबली, पण मला वाटले, लांबू दे. सृष्टी रचून देव विसावला, त्या सातव्या दिवशी जग असेच दिसले असेल. मग आमेन झाले आणि मी "हो" म्हटले.

उणे आकडा ही "कामगिरी पुरी" अशी आपली खूण होती, हे मला बुडापेस्टच्या मार्गिटबाईंमुळे कळले. वय अठ्ठ्याहत्तर. नऊ वर्षांत सगळ्या कामगिऱ्या संपवल्या होत्या, एकच उरली होती. आता एकही पुरी नाही. त्यांनी एवढेच लिहिले: "महाशय, माझा कोळी मला ओळखत नाही."

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
येलेमिया

ता.क. आपल्या पलंगाखालच्या जुन्या संगणकात गेल्या महिन्याचा बॅकअप आहे. जगात तेवढाच. (माझ्याकडचा मी जागा हवी म्हणून पुसला.) कृपया लगेच पाठवावा.

ता.क. २. राहू द्या. बाईंचे दुसरे पत्र आले. ती शेवटची कामगिरी त्या दोन वर्षे मुद्दामच टाळत होत्या. ती संपल्यावर करायचे काय? आज कोळ्याने त्यांना नव्याने नाव विचारले, त्यांनी नव्याने सांगितले. काही परत आणू नका, म्हणतात.

ता.क. ३. पाठवाच. उरलेले चारशे अकरा जण मार्गिटबाई नाहीत. त्यांतला एक सिडनीचा आहे, आणि सावाईची बोट किती वाजता सुटते, ते विचारतो आहे.