चांदणीला कोण विचारणार

रवि. १२ जाने.
चांदणी मेली. रुबी चहा पिता पिता म्हणाली, "मी दार धरते, तुम्ही पळा." फासे टाकले, दोन्हींवर एक. माझ्या नवऱ्याचा सरदार निसटला, तिची चोरटी, चांदणी, दारातच पडली. तीन वर्षं दर रविवारी दुपारी आमच्या गणपतीच्या कारखान्यातल्या याच टेबलावर, एकेक पात्र घेऊन हा फाशांचा खेळ खेळतोय. आजवर कुणी मेलं नव्हतं.
आता गोची. नियम माझेच. चांगल्या कामाला एक पुण्य, वाईटाला एक पाप. मेल्यावर पुण्य जास्त तर सोनगड, तिथून परत येता येतं. पाप जास्त तर काळी खाडी, कायमची. चांदणी वजा अकरा. दार धरल्याचं एक धरून वजा दहा.
आणि रुबी १ फेब.ला मस्कतला चालली, नवऱ्याकडे. "तिकडून फोनवर खेळेन, पन चांदणीच. दुसरी कोन नको." म्हणजे चांदणी खाडीत गेली की रुबीही गेली.

मंगळ. १४
तिळगूळ. नवरा म्हणतो, "मोड की नियम, कोण बघतंय?" सरदाराचं एक पाप पुसलं नाही म्हणून हेच महाशय दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. आज एकदम उदार.

गुरु. १६
कच्च्या फूटभर गणपतीचा हात उचलताना निखळला. अण्णांनी (सासरे) अख्खी मूर्ती भिजवायच्या टबात टाकली. खेळाला ते पोरखेळ म्हणतात, पण चांदणीची बोटभर बाहुली त्यांनीच शाडूची वळून दिली होती, पाठीवर चोरीच्या पिशवीसकट. म्हणून अडचण त्यांनाच सांगितली.
"टबात गेल्यावर सोंडेची माती कोनची नि उंदराची कोनची, मी विचारतो काय गो? मळायची, परत मूर्ती."
सापडलं! सोनगड रद्द, खाडी रद्द. मेलेले सगळे एका टबात, मळून पुन्हा नवे. स्वतःवर भलतीच खूश. दुपारी दोन वाट्या वालाचं बिरडं जास्त गेलं.

रवि. १९
रुबी रोह्याहून आली, चप्पल काढायच्या आतच टब सांगितला. वाटलं, मिठी मारेल.
"नको."
"अगं, सुटतेस की!"
"सुटायचं नाय मला, मेघा. चोऱ्या केल्या त्या केल्या. माती झाल्यावर कोन विचारनार तिला, का केलंस म्हनून? हिशोब होऊ दे. खाडीत धाडलंस तरी चालेल, पन विचारून धाड."
तीन वर्षांत चांदणीला 'का' एकदाही विचारलं नाही मी. नुसते वजा मांडले. लाज वाटली, खरंच.

रवि. २६
खेळ नाही, रुबीसाठी पोपटी. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा खाऊन हात काळे. ठरलं ते असं: ती तिकडे पोचून जरा स्थिरावली की ९ फेब.च्या रविवारी चांदणी माझ्यासमोर उभी राहील. मी विचारेन, ती सांगेल, मग निकाल. खाडी लागली तर तो आमचा शेवटचा रविवार. दोघींनाही माहीत आहे.
जाताना तिनं बाहुली मोज्यात गुंडाळून पर्समध्ये टाकली. रडू आलं. तिलाही. अण्णा म्हणाले, धूर फार झालाय.

सोम. ३ फेब.
रुबी सुखरूप पोचली. चांदणीही.
केर काढताना टेबलाखाली वाटाण्याएवढं काहीतरी सापडलं. चांदणीची पिशवी. अण्णा म्हणाले, "टाक टबात." नाही टाकली. फोटो काढून रुबीला पाठवला: तुटली, की तूच तोडलीस?
लगेच उत्तर: "मला काय विचारतेस? तिला विचार."
रविवारी चार वाजता. तिकडे अडीच. पिशवी टेबलावर ठेवली आहे. जुने आकडे वहीत तसेच आहेत, त्यांच्यापुढचं पान कोरं ठेवलंय.