बाहेरची कडी

३ नोव्हेंबर, सोमवार

पत्रकाची एकही ओळ झाली नाही. गेल्या सोमवारीही हेच लिहिलं होतं.

संघटनेच्या सेक्रेटरींना शब्द देऊन बसलोय. बायको ज्या शेडमध्ये पिशव्या शिवते, त्या शेडला पाळीभर बाहेरून कुलूप असतं. आत चाळीस बायका. त्यावर एक पान लिहायचं. "तू आठवीच शिकलास, पण आमच्यात शुद्ध लिहिणारा तूच," म्हणाले. मी तिथंच इस्त्रीवर होतो. कुलपाबद्दल विचारलं म्हणून मला काढलं. तेव्हापासून ती कामावर, मी घरी. भांडी, कपडे आणि बाबा. बाबांना आता फारसं आठवत नाही. मी पेन उचललं की ते चपला घालून गॅरेजला निघतात. गॅरेज बंद होऊन नऊ वर्षं झाली.

बायको आल्या आल्या म्हणाली, "काय लेखकराव, किती झालं?"

मी म्हटलं, होत आलंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं वाक्य सात वेळा लिहिलं. एका शब्दासाठी शब्दकोश काढला, तेवढ्यात बाबा रस्त्यावर! शेजारच्या शिंपीकाकूंनी हाताला धरून आणलं. "अरे, म्हातारा एखाद्या दिवशी ट्रकखाली यायचा. आणि तू पुस्तकात डोकं घालून बसलायस?"

शब्दकोश उशीखाली सरकवला. जसं काही चोरून आणला होता.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज दहा ते अकरा बाबांच्या खोलीला बाहेरून कडी लावली. तासभरच. त्यांच्याच जिवासाठी.

दीड पान झालं.

मालकाचंही हेच म्हणणं आहे — बायकांच्याच सुरक्षेसाठी. त्या दीड पानात मी ते लिहिलंय, त्याची चांगली खिल्ली उडवलीय. लिहिताना हात अडला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लावायची नाही असं ठरवलं होतं. लावली. दोन तास.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाबा आधी दरडावतात. "कोण आहे रे तिकडं? उघड!" मग आवाज उतरतो — "अहो, जरा उघडता का हो", परक्या माणसाला म्हणावं तसं. मग गप्प होतात. गप्प झाले की फार वाईट वाटतं.

मी दाराच्या अलीकडे बसून ऐकत होतो आणि उतरवून घेत होतो. उठलो नाही. वाक्य पुरं व्हायचं होतं. पुरं झालं. चांगलं झालं.

उघडलं तर पायजमा ओला. मला बघून हात जोडले. "साहेब, मी काही चोरलं नाही."

पुसलं, कपडे बदलले. पायजमा धुऊन वाळत टाकला. बायकोनं विचारलं तर सांगितलं, अंगावर चहा सांडला.

१० नोव्हेंबर, सोमवार

पत्रक देऊन आलो. जाताना कडी लावूनच गेलो, हेही इथं लिहिलं पाहिजे.

सेक्रेटरींनी मोठ्यानं वाचलं. 'आतला माणूस आधी दरडावतो, मग विनवतो, मग गप्प होतो' — इथं थांबले. चष्मा पुसला. "स्वतः आत कोंडून घेतल्याशिवाय असं सुचायचं नाही, पठ्ठ्या."

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायचं काहीच नव्हतं. तरी कडी लावली. झोपलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पत्रक छापून वाटलं. बायकोनं एक घरी आणलं आणि ओट्याशी उभं राहून दोनदा वाचलं.

"हे दरडावणं, विनवणं... आमच्यात कोण करतं असं? तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी घरी. आम्ही चाळीसजणी मुकाट शिवतो. हे कुठून आणलंत?"

मी म्हटलं, सुचलं.

ती बाबांच्या दाराशी गेली. रंगानं चिकटून बसलेली कडी, कधी कुणी हात लावत नव्हतं तिला. आज बोटानं सरकली. तिनं ती पुढं-मागं करून पाहिली.

"किती दिवस?"

"दोन."

पाच. मोजून पाच. तेव्हाही खरं बोलता आलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बोलत नाही. ताट वाढून देते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पत्रक कुणीतरी कारखाना-तपासनीसाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तो काल शेडवर आला. आज कुलूप नाही! सेक्रेटरी स्वतः घरी आले, पाठ थोपटली. म्हणाले, दुसरं पत्रक लवकर हवंय, आणि असंच, काळजाला हात घालणारं.

बायको आत होती. बाहेर आली नाही. बाबा मात्र आले, सेक्रेटरींना नमस्कार केला आणि विचारलं, "आज सोडणार का मला?"

सेक्रेटरी हसले. म्हातारपण आहे, म्हणाले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बायको बाबांना घेऊन कामावर गेली. शेडचं दार आता उघडं ठेवायचं म्हणजे तिथं राखणीला कुणीतरी हवंच होतं. तिनं सुपरवायझरला गळ घालून आपल्या मशीनशेजारी, दारातच, बाबांसाठी स्टूल मागून घेतलं. रोज नेणार आहे त्यांना. मला विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, "आता लिहा सावकाश."

दहा वाजलेत. घरात कुणी नाही.