पंधरा तासांचा रस्ता

बाई, तुम्ही भूगोल आणि कविता एकाच तासाला शिकवायचात. अंबरनाथच्या शाळेतला तो पृथ्वीचा गोल अजून डोळ्यांसमोर आहे. एकाने मुंबईवर दोऱ्याचं टोक धरायचं, दुसऱ्याने दोरा समुद्रावरून ताणत न्यायचा, आणि तोवर वर्गाने कविता म्हणायची. मी एकदा थेट न्यूझीलंड गाठलं. शाबासकी राहिली बाजूला, तुम्ही म्हणालात, "पोचलास रे, पण वाटेत काय काय लागलं?" मी गोलाकडे पाहिलंच नव्हतं. मी कवितेतच होतो.

आता माझी मुलगी तिथेच, ऑकलंडला असते. गेल्यापासून एकदाही आलेली नाही. तिच्या आईला, म्हणजे हिला, श्वासाचा त्रास वाढला म्हणून अंबरनाथच्या दवाखान्यात ठेवलंय, आणि आज सकाळी डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "मुलीला बोलावून घ्या." मी तिथल्या तिथे मोबाइलवर शोधलं, ऑकलंड ते मुंबई. बारा हजारांवर किलोमीटर, विमानाला पंधरा तास. पंधराच! धावत आत जाऊन हिला सांगितलं, "आज निघाली की उद्या तुझ्या उशाशी." हिने कितीतरी दिवसांनी केस विंचरून मागितले.

मग तिकिटासाठी उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या सिंधी एजंटकडे गेलो. मोबाइल पाहून तो हसायलाच लागला. "काका, ये तो कौवे का रास्ता है! सीधी लकीर खींची, टाइम लिख दिया. सीधा प्लेन है किधर, साईं? पहले सिंगापूर, उधर बैठो, फिर मुंबई. आणि सीट परवाची भेटेल, तीपण नशिबानं."

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "चालेल, परवाची घ्या. बाबा, आईला अजून काही बोलला नाहीत ना?"

"नाही गं."

परत आलो तर हिची नजर दारावरच. "निघाली?"

"निघाली," मी म्हणालो.

तेव्हापासून ही विचारते, आता कुठवर आली? आणि मी सांगतो. खाली नुसता समुद्र आहे. आता ऑस्ट्रेलियाचं वाळवंट लागलं, तांबडंलाल. आता जावाची बेटं. ही डोळे मिटून ऐकते, श्वास जरा संथ होतो. सांगता सांगता मलाही ते विमान दिसायला लागतं बाई, आणि खोलीतून बाहेर आलो की ते नाहीसं होतं. कारण मुलगी अजून तिच्या घरीच आहे, बॅग भरतेय. विमान किती हळू नेलं तरी सिंगापूर आलंच. तिथे पाऊस पाडून मी ते अडवून ठेवलंय. परवापर्यंत पाऊस पुरेल, पण ही?

दवाखान्याच्या बाकावर बसून हे लिहितोय. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि दुसऱ्या कुणाला हे वाचून दाखवता येणार नाही. मघाशी ही माझा हात धरून म्हणाली, "तिला उशीर झाला तर होऊ दे. तुम्ही मात्र सांगत राहा."

हिला सगळं कळलंय की काय, हे विचारायचा धीर मला होत नाही.