वाडीला गेलेली पुस्तकं

१५ जून, रविवार
सरिताला रंकाळा स्टँडवर सोडून आलो. उद्या शाळा सुरू. नवरा-बायको दोघंही शिक्षक: तिची झेडपीची शाळा गगनबावड्याच्या पुढं वाडीवर, माझी संस्थेची, इथं मंगळवार पेठेत. गाडीला गर्दी, पण खिडकी मिळाली तिला. एक पिशवी मांडीवर, एक पायात, छत्री कुठं ठेवायची कळेना. म्हटलं, हे शेवटचंच वर्ष, औंदा बदल्या झाल्या की तू कोल्हापुरात. ती म्हणाली, "जाताना आईंच्या गोळ्या घ्या, संपल्यात."
गोळ्या घेतल्या. घरी आलो तर तिचा कंगवा इथंच राहिलेला.

१८ जून, बुधवार
हेडसरांनी बोलावलं. कुठल्याशा कंपनीनं संस्थेला टॅब दिलेत. मी गणिताचा, पण कॉम्प्युटर लॅबची किल्ली माझ्याकडं, म्हणून हेही माझ्याच गळ्यात. संस्थेला ग्रंथालय आणि टॅब, दोन्हीचं मिळून लेखी धोरण पाहिजे. कुठली पुस्तकं ठेवायची, कुठली काढायची, नवीन कुणी निवडायची, टॅब किती वेळ द्यायचा, घरी न्यायला द्यायचा की नाही. समितीत हेडसर, ग्रंथपाल चौगुले मॅडम, मी आणि संस्थेचे सेक्रेटरी. सेक्रेटरींच्या मनात ग्रंथालयाचा हॉल रिकामा करून तिथं टॅबची खोली करायचं आहे. चौगुले मॅडम डिसेंबरात रिटायर. चष्मा पुसत ऐकत बसल्या.
सरिताचा फोन नाही. तिकडं रेंज फक्त देवळाच्या पायरीवर. पाऊस असला की पायरीवर कोण बसणार.

२६ जून, गुरुवार
पहिली मीटिंग. सेक्रेटरी म्हणाले, "पोरं वाचत न्हाईत. मग एवढा हॉल अडवून ठेवायचा कशाला?" मॅडम म्हणाल्या, "वाचनाचा तास तुम्हीच वेळापत्रकातनं काढला, साहेब. पोरं कधी वाचणार? मधल्या सुट्टीत डबा खातील की पुस्तक बघतील?" सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. मी बोलायला पाहिजे होतं. हॉलच्या कपाटांत मी स्वतः सातवीत असताना डोकं घालून बसायचो. पण सेक्रेटरींच्या पुढं तोंड उघडेना.
संध्याकाळी सरिताचा फोन. आवाज खोल विहिरीतनं आल्यासारखा. "जेवलासा?" एवढंच नीट ऐकू आलं. व्हय म्हटलं. खरं तर जेवलो नव्हतो.

५ जुलै, शनिवार
आली नाही. रस्त्यावर पाणी आलंय, गाड्या बंद. दुपारी स्टँडवर जाऊन उगाच चौकशी करून आलो. कंट्रोलर ओळखायला लागलाय आता. "सर, पाणी उतरल्याशिवाय न्हाय. घरी जावा."
आईनं भरल्या वांग्याची भाजी केलेली, सरिताला आवडते म्हणून. दोघांनीच खाल्ली. मग आई म्हणाली, "लगीन झाल्यापासनं ह्या घरात सलग महिनाभर ऱ्हायली न्हाय पोरगी." माझ्याकडं न बघता म्हणाली.

१३ जुलै, रवि.
काल आली, आज दुपारच्या गाडीनं परत. घर तेवढ्या वेळात वेगळंच झालतं. दोरीवर तिची ओढणी, मोरीत तिच्या साबणाचा वास. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत वाडीचं सांगत होती. शाळेत एकच पेटी पुस्तकांची, ती पोरांनी वाचून वाचून पाठ केलीय. चौथीतली एक मुलगी, सोनाली धनगरांची, दुकानातनं साखर आणली की पुडीचा कागद उलगडून वाचत बसती.
मी सहज समितीचं सांगितलं. काढून टाकायच्या पुस्तकांचा ढीग केवढा होणार ते सांगितलं.
"ती जातात कुठं ओ?"
"रद्दीत. नियमच हाय तसा."
शेंगा सोलायची थांबली. काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं. रात्रभर ते तोंड डोळ्यांपुढं.

२२ जुलै, मंगळ.
आज बोललो. मसुद्यात एक कलम घातलं: काढलेल्या पुस्तकांपैकी जी धड आहेत, ती आधी लहान शाळांना विचारायची, कुणी घेतली नाहीत तरच रद्दी. सेक्रेटरी म्हणाले, "संस्थेची मालमत्ता दुसऱ्याला कशी द्यायची? उद्या कोण विचारलं तर?" म्हटलं, रद्दीवाल्याला देताना कोण विचारत नाही, साहेब. माझाच आवाज मला परका वाटला.
हेडसर हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. मग त्यांच्या डोक्यात आलं ते विचारलं, "मिसेस कुठं असतात तुमच्या?" सांगितलं. "अस्सं," म्हणाले.
कान गरम झाले. तिच्यासाठी करतोय का? करतोय. पण कलम चुकीचं नाही.
चौगुले मॅडम मदतीला आल्या. म्हणाल्या, कुठली शाळा ते मी ठरवते, सरांनी त्यात पडू नये, मग झालं?

३१ जुलै, गुरु.
आज भलतंच. एका पालकांची तक्रार: गोष्टीच्या पुस्तकात मुलगी शिकायला घर सोडून जाते, असलं पुस्तक ग्रंथालयात नको. सेक्रेटरी म्हणाले काढून टाका, कटकट नको. मॅडमनी विचारलं, त्यांनी वाचलंय का? नाही, मुलीनं सांगितलं म्हणे. मग मॅडमनी कलम लिहूनच आणलं: ज्याची हरकत, त्यानं आधी पूर्ण पुस्तक वाचायचं, कुठलं पान खटकलं ते लिहून द्यायचं, मग समितीनं वाचायचं, तोवर पुस्तक जागेवरच. पालकांना पुस्तक दिलं. ते उद्या-परवा म्हणत घरी घेऊन गेलेत.
मीही वाचलं, मॅडमकडच्या दुसऱ्या प्रतीतनं. मुलगी शेवटी घरी परत येते, सुट्टीपुरती. आई दारात उभी असते. पुढं वाचवेना.

९ ऑगस्ट, शनि.
धोरण बुधवारी मंजूर झालं. हॉल अर्धा वाचला. टॅब माझ्या लॅबमध्ये, शाळेतच राहणार, धड्यांपुरतंच नेट. हॉलचा अर्धा भाग मात्र संस्थेच्या मीटिंगांना गेला, मधे पार्टिशन. वाचनाचा तास आठवड्यातनं एक मिळाला. लहान शाळांचं कलम राहिलं. मॅडमनी गगनबावड्याकडच्या तीन शाळा निवडल्या, त्यात सरिताची एक. कागद माझ्यापुढं सरकवला फक्त.
टॅब वाटले. आठवीची पोरं दोन दिवस वेड्यासारखी. आज एकानं विचारलं, "सर, ह्यात गेम न्हाय व्हय?" नाही म्हटल्यावर टॅबवर हनुवटी टेकून झोपला.

२३ ऑगस्ट, शनि.
तालमीतल्या बबनचा टेम्पो. पुस्तकांची पोती, वर ताडपत्री, पुढं आम्ही दोघं. तो सगळ्या वाटेनं पेठेच्या फुटबॉलवर बोलत होता. मी खिडकीतनं बघत होतो. ह्या वळणांवरनं ती रविवारी परत जाते. मी लग्नानंतर दोनदाच आलोय इथं, दोन्ही वेळा उन्हाळ्यात.
सगळं धुकं. शाळा दिसायच्या आधी ती दिसली. रेनकोट घातलेला, पायात गमबूट, भोवती पोरं. मला बघून हात केला आणि पहिल्यांदा पोत्यांकडं गेली.
पोती व्हरांड्यात सोडली. पोरं लगेच हात घालेनात. तिनं एकेक पुस्तक काढून हातात दिलं. सोनाली तिथंच भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. एक म्हातारा धनगर लांबनं बघत होता, मला म्हणाला, "पावणं, बाईंचं मालक व्हय तुमी? बाई लई गुणाच्या." सरिता हसली. तसं हसू कोल्हापुरातल्या घरात बघितलेलं आठवेना.
तिच्या खोलीत चहा प्यालो. घरमालकीण आशाताईंच्या घराला लागून खोली. कपडे वाळेनात म्हणून चुलीवर दोरी. उशाला आमचा लग्नातला फोटो. बबन हॉर्न वाजवायला लागला. निघताना तिचा हात धरला तर शाईनं निळा झालेला, पुस्तकांवर शिक्के मारून.
परत येताना बबन फुटबॉलवर बोलला नाही. माझ्या तोंडाकडं बघून असेल.

७ सप्टें., रवि.
या आठवड्यात आली नाही, पण फोन नीट लागला. वाडीत पोरं घरी मोठ्यानं वाचतात, आया स्वयंपाक करता करता ऐकतात. एका आईनं निरोप पाठवला की ती गोष्ट अर्ध्यावर राहिलीय, पुस्तक आजच्या दिवस घरीच असू दे. सरिता बोलत होती, मी नुसता आवाज ऐकत होतो. शेवटी म्हटलं, बदल्यांचं पोर्टल उघडतंय. आपण दोघं नोकरीत, पती-पत्नी एकत्रीकरणात तुझा नंबर लागणार म्हणजे लागणार.
"हं," म्हणाली.

२० सप्टें., शनि.
लिहायचं नव्हतं. लिहितोय.
जेवण झाल्यावर आई शेजारी गेली. सरिता म्हणाली, "एक बोलू? रागवू नका. औंदा मी बदलीचा फॉर्म भरत न्हाय."
मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.
"शाळेत आम्ही दोघंच, त्यातले दुसरे सर मार्चमधे रिटायर होऊन जायलेत. मी पण गेले तर नवीन कोण येईल, कधी येईल, म्हाईत न्हाय. पेटीला कुलूप लागंल. आत्ता कुठं पोरं वाचायला लागल्यात."
"आणि मी?"
म्हणाली, "तुम्हीच आणून दिलीसा की पुस्तकं."
टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटत होतं की मला कळेल. मला कळत होतंच, त्याचाच राग आला. चप्पल घालून बाहेर पडलो. रंकाळ्यावर जोडपी भेळ खात बसलेली. चालत राहिलो. परत आलो तर ती जागीच बसलेली, ताटं तशीच.

२१ सप्टें., रवि.
स्टँडवर सोडली. गाडी लागेपर्यंत दोघं खांबाला टेकून उभे. ती म्हणाली, "पाणी प्या, चेहरा उतरलाय." मी पाणी प्यालो.
आईला सांगितलं नाही.

४ ऑक्टो., शनि.
ती आली नाही. केंद्राचं काही प्रशिक्षण म्हणाली. खरं असेल.
शाळेत पार्टिशनच्या मागं चौगुले मॅडम कपाटं लावत होत्या, मदत केली. कसं कुणास ठाऊक, सगळं सांगून टाकलं. त्या पुस्तकं लावता लावता म्हणाल्या, "आमचे हे सांगलीला होते बरीच वर्षं. मी इथं सासूसासऱ्यांपाशी. रोज वाटायचं, आले की सगळं ठीक होईल."
"मग?"
"आले की. तोवर मला एकटीची सवय झालेली. महिनाभर त्यांच्या खोकल्याचासुद्धा राग यायचा." हसल्या. "तुम्ही वाट बघत बसू नका, सर. जात येत राहा."
मग सांगितलं, आपल्या संस्थेची शाखा आहे तिकडं, गगनबावड्याच्या अलीकडं, तिथं गणिताला माणूस टिकत नाही. मला माहीत होतं ते. आजवर त्याकडं बघितलं नव्हतं.

८ ऑक्टो., बुध.
हेडसरांना विचारलं. म्हणाले, "इथलं सोडून तिकडं? टॅबचं कोण बघणार?" मग म्हणाले, अर्ज द्या, सेक्रेटरी दोन दिवसांत सही करतील, तिकडं जायला कोण तयार होत नाही. 
आईचं काय? ही पेठ सोडून ती कुठं येणार नाही. दवाखाना, तिच्या मैत्रिणी, सगळं इथं. विचारलं नाही अजून. तिच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत लावून देत बसलो. म्हणाली, "काय झालंय रं तुला?" काही न्हाय म्हटलं. "मग त्याच खणात किती वेळा गोळ्या घालशील?"

११ ऑक्टो., शनि.
आली. दारातच म्हणाली, "तुम्ही बारीक झालासा." आईनं दोघांना एकदम ओरडून जेवायला बसवलं, बरं वाटलं.
ती फॉर्मचं बोलली नाही, मी शाखेचं बोललो नाही, अर्जही अजून दिलेला नाही. पोर्टल उद्या संध्याकाळपर्यंत चालू. लॅपटॉप टेबलावर मिटून ठेवलेला, दोघंही त्याला वळसा घालून जात होतो.
संध्याकाळी तिनं पिशवीतनं एक गोष्टींचं पुस्तक काढलं. तिसरीला झेपंल का बघायचंय, वाचून दाखवते, ऐका म्हणाली. कॉटवर भिंतीला टेकून बसली, मी पायाशी. वाचायला लागली. वर्गात वाचतात तसं, हात करून, मधेच थांबून पोरांकडं बघितल्यासारखं माझ्याकडं बघत. आई स्वयंपाकघरातनं येऊन चौकटीला टेकून उभी राहिली.
ती हाताच्या अंतरावर बसलेली आणि मला तिची आठवण यायला लागली.
"ऐकताय न्हवं?"
"वाच की."
तिनं पान उलटलं.