अकरा उजव्या बाह्या आणि एक नकारघंटा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शिवणकाम, फुटबॉल मैदानाच्या उत्तर फाटकासमोरच्या दुकानाची मालकीण, लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना करत आहे. 'कोणाच्याही दबावाखाली न येता' असे लिहायची पद्धत आहे. दबाव भरपूर आला, मी त्याखाली आले नाही, एवढी दुरुस्ती वकीलसाहेबांनी करू दिली. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी वेगळा कागद दिला, तो जोडलेला नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात लिहिले होते. या वेळचा राग विचारपूर्वक आहे.

कलम एक. दुकानामागच्या दोन खोल्या, कपाट, पलंग आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या मुलाला द्यावे. मुलगा आमच्या क्लबात 'चाहता अनुभव अधिकारी' आहे. हे काय असते ते त्याने मला तीनदा समजावले. मला कळले ते असे, की पूर्वी लोक आपले आपण ओरडत, आता कधी ओरडायचे ते भोंग्यावरून सांगतात आणि सांगणारा माझा मुलगा असतो. त्याच्या पोटापाण्याला मी नावे ठेवत नाही. पण गेले वर्षभर तो रोज जेवताना म्हणतो, "आई, एक सही तर करायचीय. तुझं काय जातंय?" माझे काय जाते ते कलम सहामध्ये लिहिले आहे. त्याने ते बसून वाचावे.

कलम दोन. शिलाईची मशीन, कात्र्या आणि गिऱ्हाइके सुनेला. तिचा हात शिवणावर चांगला बसला आहे, फक्त काज करताना घाई करते. गिऱ्हाइकांपैकी निम्मी आता जर्सीवरचे नाव उसवायलाच येतात. लोक हौसेने एखाद्या खेळाडूचे नाव पाठीवर शिवून घेतात आणि टाके वाळायच्या आत तो खेळाडू दुसऱ्या क्लबाला विकला जातो. एका रिक्षावाल्याने एकाच मोसमात चार नावे बदलली आणि पाठीच्या कापडाची जाळी झाली. तेव्हापासून मी नाव वेल्क्रोवर लावून देते. प्रेम करावे, पण उसवण्याची सोय ठेवून. ही युक्ती सुनेने पुढे चालवावी आणि क्लबाच्या दुकानाला सांगू नये.

कलम तीन. हे कलम कबुलीचे आहे. आमच्या क्लबाची जर्सी लाल आणि डावी बाही पिवळी, हे सगळ्यांना माहीत आहे. गोल झाला की सगळे मैदान पिवळा हात वर करते. नव्या मालकांनी छापलेल्या जाडजूड पुस्तकात लिहिले आहे की, 'पिवळी बाही म्हणजे श्रमिकांच्या घामाला लाभलेली सुवर्णझळाळी'. वाचून मला ठसका लागला.

खरी गोष्ट अशी. क्लब स्थापन झाला तेव्हा माझे नवे लग्न झाले होते. हे गोलरक्षक होते. यांना सगळे 'चाळण' म्हणत, त्यावरून यांचा खेळ ओळखावा. जर्सी शिवायचे काम माझ्याकडे आले, राखीव गडी धरून अकरा जर्सी लाल आणि गोलरक्षकाची एक पिवळी. लाल कापडाला एकाच बाजूने चकाकी होती. बाह्या बेतताना निम्मे थर पालथे घालायचे असतात, म्हणजे निम्म्या बाह्या डाव्या निघतात. मी बावीसच्या बावीस थर सुलटे रचले आणि एका दमात कात्री चालवली. सामना दुपारी चारला आणि सकाळी दहाला माझ्यासमोर बावीस उजव्या बाह्या. लाल कापड संपलेले. त्याच वेळी माझे धाकटे दीर दुकानाचे कुलूप दुरुस्त करायला आले होते. त्यांनी ढीग पाहिला आणि विचारले, "वहिनी, अकराच्या अकरा जणांना दोन्ही हात उजवेच आहेत का?"

मी रडायला लागले. यांनी स्वतःच्या जर्सीचे पिवळे कापड माझ्यापुढे ठेवले. त्यातून अकरा डाव्या बाह्या निघाल्या. हे त्या दिवशी जुना तपकिरी स्वेटर घालून गोलात उभे राहिले, चार गोल खाल्ले आणि आम्ही पाच-चार जिंकलो. श्रमिकांची सुवर्णझळाळी ती ही. माझ्या नवऱ्याचे मन होते ते, आणि आज ते पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून एवढ्या किमतीला विकतात की त्यात आमचा पहिला संघ बुटांसकट उभा राहिला असता.

कलम चार. उरलेल्या अकरा उजव्या बाह्या ट्रंकेत तळाशी आहेत, कसर लागलेली नाही. त्या मालकसाहेबांना द्याव्यात. मालकसाहेब एकदाच माझ्या दुकानात आले. सोबत चौघे होते आणि प्रत्येकाची ओळख 'हे साहेबांचे उजवे हात' अशी करून देण्यात आली. एवढ्या उजव्या हातांना बाह्या कुठून मिळणार, ही माझी तेव्हापासूनची काळजी होती. साहेबांनी स्टूलवर बसून विचारले, "आजी, तुमची स्वप्नं काय आहेत?" मी म्हटले, "दुपारी झोपले तर पडतात, नाहीतर नाही." उजव्या हातांपैकी एकाने ते लिहून घेतले.

कलम पाच. दुकानाबाहेरचा बिनडोक्याचा लाकडी पुतळा माझ्या दिरांना द्यावा. त्यांचे किल्ल्यांचे दुकान माझ्या दुकानासमोर आहे. गल्लीत त्यांना 'नकारघंटा' म्हणतात, कारण चहा विचारला तरी पहिले उत्तर 'नाही' असे येते. सख्ख्या भावाचा क्लब सोडून ते जन्मभर नदीपलीकडच्या हिरव्या क्लबाचे. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या क्लबाने आम्हाला अंतिम सामन्यात हरवले, तेव्हा त्यांनी हिरवा झेंडा माझ्या शटरला बांधला. मी तो कापून त्याची बाजाराची पिशवी शिवली आणि रोज त्यांच्या दुकानावरून मिरवली. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. जे काही सांगायचे ते आम्ही दोघेही पुतळ्याला सांगतो. "शटर हळू ओढा म्हणावं." "हळूच ओढलंय म्हणावं." हे गेले तेव्हा त्यांनी पुतळ्याजवळ तासभर उभे राहून एवढेच विचारले, "जेवल्या का म्हणावं." मी जेवले नव्हते, पण जेवले म्हणून सांगितले. आता पुतळा त्यांच्याकडे असावा, म्हणजे बोलायला कोणीतरी राहील.

कलम सहा. आता मुद्द्याचे. क्लबाचे आम्ही एकतीस संस्थापक सभासद. सगळ्या संस्थापकांनी सही केल्याशिवाय मैदान विकता येत नाही, असे क्लबाच्या घटनेत लिहिले आहे. मालकसाहेबांना इथे दुकानांचे मनोरे बांधायचे आहेत आणि क्लब शहराबाहेर काचेच्या मैदानात न्यायचा आहे. तिथे तिकीट परवडणार नाही, उभे राहता येणार नाही आणि सामने टीव्हीच्या सोयीने भर कामाच्या वेळी होतील. तीस जणांनी किंवा त्यांच्या वारसांनी सह्या केल्या. कोणाला गादीची खुर्ची मिळाली, कोणाला परदेशवारी. मी त्यांना दोष देत नाही, म्हातारपणी गादी बरी वाटते. राहिले मी एकटी, आणि माझ्या हृदयाचा भरवसा नाही हे उजव्या हातांनाही कळले असावे, कारण अलीकडे ते माझ्या तब्येतीची चौकशी फार आपुलकीने करतात.

माझी जागा मृत्युपत्राने एकाच माणसाला देता येते. मुलाला दिली, तर त्याला नोकरी तरी सोडावी लागेल किंवा सही तरी करावी लागेल. आईने मुलाला अशा कात्रीत धरू नये. चाहत्यांपैकी कोणाला द्यावी, तर आमच्या चाहत्यांना नवा खेळाडू दाखवला की ते कशावरही सही करतील. मी जवळून पाहिले आहे.

मग गेल्या मोसमात एक गोष्ट घडली, पण तिच्याआधीचे थोडे सांगायला हवे. दिरांचा हिरवा क्लब सहा वर्षांपूर्वी एका टायर कंपनीने घेतला, नाव बदलले, दूर नेला आणि टीव्हीवर उठून दिसतो म्हणून रंग जांभळा केला. तेव्हापासून दिरांना क्लब नाही. तरी दर सामन्याला ते दुकान बंद करून आमच्या मैदानात येतात आणि जुना हिरवा मफलर घालून नव्वद मिनिटे आमच्या संघाला शिव्या घालतात. मैदान विकायची बातमी आली त्या दिवशी ते पुतळ्यापाशी आले. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाले, "यांचंही मैदान गेलं, तर मी शिव्या कुणाला घालू म्हणावं?"

मी आत गेले आणि पुष्कळ वेळ उगाच सुईत दोरा ओवत बसले. एवढी वर्षे ज्याला वैरी समजले, त्याच्याइतके हे मैदान दुसऱ्या कोणाला लागत नाही, हे मला तेव्हा कळले.

सबब, माझे संस्थापक सभासदत्व मी माझ्या धाकट्या दिरांना देते. सभासद क्लबाचा चाहता असलाच पाहिजे असे घटनेत कुठेही लिहिलेले नाही, वकीलसाहेबांनी दोनदा तपासले आणि दोनदा हसले. दिरांना गादीची खुर्ची देऊन उपयोग नाही, ते बसून शिव्या देऊ शकत नाहीत.

शेवटचे दोन शब्द पुतळ्याला न सांगता थेट लिहिते. भाऊजी, ते येतील. मऊ खुर्ची देतील, चहा देतील, भारी पेन देतील. तुम्ही चहा तेवढा घ्या.

लिहून देणार: दुकानाची मालकीण (सही)

साक्षीदार पहिले: गल्लीतले दातांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारे काका (सही)

ठिकाण: वर लिहिलेले दुकान. दिनांक: वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे तो, शनिवार, घरच्या मैदानावरील सामन्याचा दिवस.

साक्षीदार पहिले यांची नोंद: सह्या चालू असताना समोरच्या दुकानातून पुतळ्याला उद्देशून "एवढी कसली गर्दी म्हणावं" असे विचारण्यात आले. लिहून देणार बाईंनी पुतळ्याला उत्तर दिले नाही. त्या उठल्या, पुतळा हाताने बाजूला सारला आणि "भाऊजी, चहा घेणार का?" असे थेट विचारले.  समोरून "नाही" असे उत्तर आले. त्यानंतर ते आले.