‘हसत’ हा शब्द वगळण्याविषयी

मी, मंदाकिनी गणपती हेगडे, वय ७१, अविवाहित, कादंबरीकार, राहणार सागर तालुका, जिल्हा शिवमोग्गा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे.

१. राहतं घर व सुपारीची बाग माझी आत्या भागीरथी हिला द्यावी. आम्ही तिला अत्ते म्हणतो. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी आली. माझी आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. (हे कलम खोडले आहे. कलम ५ पाहावे.)

२. शिलालेखांचे ठसे व जुने नकाशे कॉलेजच्या इतिहास विभागाला द्यावेत. प्राध्यापक शेणॉय यांनी नेलेले माझे ग्रंथ त्यांचेच समजावेत. मेल्यावर तरी मी मागायला जाणार नाही.

३. ‘तळ्याकाठची चेन्नवी’ या कादंबरीचे हक्क भाची सुमना हिला, एका अटीवर. शेवटच्या प्रकरणातला ‘हसत’ हा शब्द काढावा.

आमच्या तळ्याकाठी सतीचा दगड आहे. खांबातून निघालेला बांगड्यांचा हात, बस. नाव झिजलेलं, चेन्नवी हे मी ठेवलं. बांगड्या काचेच्या की लाखेच्या हे ठरवायला गावोगाव हिंडले. कादंबरीत ती सती जाते त्या महिन्यात सुपारी फुलते का, हेही विचारून घेतलं. आणि मग लिहिलं की ती हसत चितेवर चढली. दगडाला तोंडच नाही. त्या एका शब्दावर पुस्तक चाललं. आता नव्या नवऱ्या तिथे बांगड्या वाहतात. तिथल्या उत्सवात मी सत्काराची शाल घेतली, प्रसादही खाल्ला. मला त्याची लाज वाटते.

४. पहिली प्रत आली तेव्हा अत्ते तांदळाची रोटी थापत होती. मी ते पान तिला वाचून दाखवलं.

“हसत? तुला गं कुणी सांगितलं?”

“कादंबरी आहे अत्ते.”

“हो का. बांगड्यांचं मात्र विचारत फिरलीस.”

एवढं बोलून तिने माझ्या ताटात रोटी वाढली. नवरा गेला आणि हिच्या बांगड्या उतरवल्या, तेव्हा हिला काय वाटलं, हे मी कधीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पान बदलावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. ही लाज त्या शालीहून मोठी आहे.

नवी आवृत्ती छापायला निघाली आहे. प्रकाशक म्हणतात, “मॅडम, तो शब्द काढला तर लोक पुस्तक घेतील कशाला?” न घेवोत. शब्द राहणार असेल तर पुस्तक छापू नये.

५. हे सगळं काल अत्तेला वाचून दाखवलं.

“मग त्या जागी काय लिहिणार?”

“काही नाही. ती चढली, एवढंच.”

अत्ते म्हणाली, “या कागदाला साक्षीदार मी होणार.”

वकील श्रीधर भट्ट म्हणाले, “अज्जी, घर तुम्हाला मिळतंय. ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. तुम्ही सही न केलेली बरी.”

“मग घर सुमनाला लिही. ती काय मला बाहेर काढणार आहे? सही मी करणार.”

म्हणून घर व बाग सुमनाला. अत्तेने हयातभर तिथेच राहावे.

स्थळ: सागर. दिनांक: ९ फेब्रुवारी २०१९.

(सही) मंदाकिनी हेगडे

साक्षीदार:
१. डॉ. रमानंद कामत. (सही)
२. भागीरथी, वय ८८. मंदाने सही केली ती मी समोर बसून पाहिली. ती हसत नव्हती. (सही)